डोंबिवली ते कल्याण, एका सीडीवर

सीडीवरची सगळी माहिती एकाच ओळीत लिहिलेली असते. मधल्या भोकाजवळ ही ओळ सुरू होते आणि गोल गोल फिरत काठापर्यंत जाते. ग्रामोफोनची सुई बाहेरून आत यायची, इथे लेझर आतून बाहेर जातो. दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या जागेत सहाशेहून जास्त फेऱ्या. ही ओळ उलगडून सरळ केली तर किती लांब होईल? हिशेब शाळेतला आहे. माहिती असलेल्या पट्ट्याचं क्षेत्रफळ काढायचं आणि त्याला १.६ मायक्रॉनने भागायचं. उत्तर येतं सुमारे ५.४ किलोमीटर. डोंबिवली स्टेशनापासून ठाकुर्लीवरून कल्याणपर्यंत रुळांचं अंतर साधारण एवढंच भरतं.

गाण्यांची सीडी वाजते तेव्हा ही ओळ लेझरखालून सेकंदाला सुमारे १.२ मीटर वेगाने सरकते. माणूस रमतगमत चालतो, तो हाच वेग. म्हणजे ७४ मिनिटांची सीडी पूर्ण ऐकली की लेझरने डोंबिवलीहून कल्याण पायी गाठलेलं असतं. संगणकाला मात्र एवढा धीर नसतो. बाहेरून जोडायचे जे सडपातळ डीव्हीडी ड्राइव्ह बाजारात मिळतात ते सीडी २४ पट वेगाने वाचतात, आणि काठाजवळ पोचेपर्यंत तीच ओळ ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेलेली असते. या वेगात लेझरला ओळखायचे असतात ते खळगे, आणि त्यांतला सर्वांत छोटा असतो ०.८३ मायक्रॉन लांबीचा.

असं यंत्र आज दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतं, बोटभर जाडीचं, एका वायरीवर चालणारं. आणि ते घेताना गिऱ्हाईक विचारतं ते एवढंच: ‘माझ्या जुन्या पीसीला चालेल का?’

प्रश्न चुकीचा नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात तर तो अजून पुष्कळ दिवस विचारला जाणार आहे. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत इथे जेवढी लग्नं, मुंजी आणि बारशी झाली, त्यांचं चित्रीकरण घरात आलं ते सीडीच्या रूपात. कपाटात साड्यांच्या खाली त्या तीन व्हीसीडींचा संच असतो: पहिलीत हळद, दुसरीत मुहूर्त, तिसरीत पंगत आणि पाठवणी. तीन का, तर एका व्हीसीडीत ७४ मिनिटांच्या आसपासच मावतं. शिवाय एमआरआय किंवा सीटी स्कॅन केलं की तपासणी केंद्र फिल्मच्या मोठ्या पाकिटात एक सीडी सरकवून देतं, आणि घरी येऊन बघावं तर कुठल्याच लॅपटॉपला ती घालायची खाच नाही. तिसरी मंडळी डीटीपीवाली. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक लावणाऱ्या कित्येक ठिकाणी विंडोज एक्सपीचं एक जुनं यंत्र मुद्दाम जपलेलं असतं, कारण वर्षानुवर्षांच्या फाइली पेजमेकरमध्ये आहेत, अक्षरं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत आहेत, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती आली २००१ मध्ये. पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीसारखी मराठी सॉफ्टवेअरं त्या काळी सीडीवरच यायची. त्या सीपीयूतला ड्राइव्ह मेला की काम अडतं.

तर, चालेल का? मला या प्रकरणात सर्वांत नवल वाटतं ते असं की जिथे अडेल अशी भीती असते तिथे गाडी कधीच अडत नाही. जुना संगणक आणि नवा ड्राइव्ह एकमेकांची भाषा चोख जाणतात. अडतं ते फार साध्या ठिकाणी.

आधी भाषेचं सांगतो. १९८६ मध्ये स्कझी नावाचं एक मानक ठरलं. संगणकाने बाहेरच्या उपकरणाशी कोणत्या शब्दांत बोलायचं, याचा तो कोश. पुढे घरगुती संगणकात सीडी ड्राइव्ह आले. ते आयडीईच्या चपट्या रुंद पट्टीवर बसायचे आणि ती पट्टी मुळात हार्ड डिस्कसाठी होती. तेव्हा नवी भाषा घडवत न बसता स्कझीच्याच आज्ञा पाकिटात घालून त्या पट्टीवरून पाठवायची सोय झाली. मग पट्टी गेली, सॅटाची बारीक वायर आली. पाकिटातला मजकूर तोच. मग यूएसबी आलं. तिथे प्रत्येक आज्ञेभोवती ३१ बाइटचं एक वेष्टण घातलं जातं, त्याच्या सुरुवातीला ‘यूएसबीसी’ ही चार रोमन अक्षरं असतात, आणि आत पुन्हा तीच जुनी आज्ञा.

त्यामुळे आज घेतलेला ड्राइव्ह पंधरा-वीस वर्षं जुन्या सीपीयूला जोडला की दोघांत होतं ते संभाषण साधारण असं. संगणक विचारतो, तू कोण? ड्राइव्ह सांगतो, प्रकार पाच. या कोशात पाच म्हणजे सीडी-डीव्हीडीचं यंत्र. मग संगणक विचारतो, तयार आहेस का? ही आज्ञा तर निव्वळ शून्यांची बनलेली आहे; पाकिटात काहीच लिहिलेलं नाही, आणि तोच प्रश्न. आत चकती नसेल तर ड्राइव्ह तसं कळवतो. असेल तर पहिला दोन हजार अठ्ठेचाळीस बाइटचा तुकडा मागवला जातो, आणि ‘माय कॉम्प्युटर’मध्ये गोल चिन्ह उमटतं.

अडतं ते विजेवर. यूएसबी २.० च्या पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर द्यावेत असं मानक सांगतं, म्हणजे अडीच वॅट. पुष्कळ ड्राइव्हच्या पोटाखालचं लेबल वाचलं तर तिथे १ अँपिअर किंवा त्याहून मोठा आकडा दिसतो. तो सतत लागत नाही. चकती थांबलेल्या अवस्थेतून मिनिटाला काही हजार फेऱ्यांवर न्यायची त्या दोन-चार सेकंदांत मोटर एकदम घोट घेते, आणि सीडी राइट करताना लेझरही जास्त मागतो. पोर्ट जरा दमदार असेल तर भागून जातं. जुन्या सीपीयूच्या पुढच्या तोंडाला असलेले पोर्ट मात्र आतून लांब बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात, आणि तिथवर पोचेपर्यंत पाचाचे साडेचार व्होल्ट झालेले असू शकतात. मग ड्राइव्हचा दिवा लागतो, टक टक आवाज येतो, विंडोजचा ‘उपकरण जोडलं’ असा सूर वाजतो, लगेच ‘काढलं’चा वाजतो, आणि हे चक्र सुरू राहतं. गिऱ्हाईक म्हणतं, जुन्या पीसीला सूट होत नाही. दुकानदार म्हणतो, पीस खराब असेल, बदलून घ्या. वायर मागच्या बाजूच्या पोर्टात खोचली की बऱ्याचदा दोघांचंही बोलणं संपतं.

तेही जमलं नाही तर वाय केबल: एका टोकाला ड्राइव्ह, दुसरीकडे दोन यूएसबी, एक माहितीसाठी आणि दोन्ही विजेसाठी. किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. खोक्यावर ‘यूएसबी ३.०’ छापलेलं पाहून जास्त पैसे मोजण्याआधी एक हिशेब करून बघावा. डीव्हीडी आठपट वेगाने वाचली तरी सेकंदाला ११ एमबीच येतात, आणि यूएसबी २.० त्याच्या दुपटीहून जास्त सहज वाहून नेतं. यूएसबी ३.० चा खरा फायदा वेगात नसून विजेत आहे, तो पोर्ट ९०० मिलीअँपिअरपर्यंत देतो; पण तो पोर्ट संगणकाला असायला हवा, नुसत्या वायरीला असून उपयोग नाही.

संगणक याहून म्हातारा असेल तर वेगाची अडचणही खरी ठरते. १९९८ च्या सुमाराचं यूएसबी १.१ सेकंदाला १२ मेगाबिट वाहतं, प्रत्यक्षात हाती लागतो जेमतेम एक एमबी. सीडी त्यावर आरामात उतरवता येते, फक्त भरलेल्या सीडीला दहा-बारा मिनिटं लागतात. डीव्हीडीवरचा चित्रपट मात्र गर्दीच्या, हाणामारीच्या दृश्यात जवळजवळ तेवढाच प्रवाह एकटा मागतो, आणि नायक हवेत अडकून राहतो. विंडोज ९८ असेल तर आणखी एक पायरी: यूएसबीवरच्या ड्राइव्हला ओळखण्याची सोय त्यात मुळात नाही, कंपनीने दिलेला ड्रायव्हर लागतो, आणि तो ड्रायव्हर बहुधा सीडीवर असतो. या विनोदावर हसून झालं की दुसऱ्या संगणकावरून तो आणायचा. विंडोज एक्सपीपासून ही कटकट नाही. गंमत म्हणजे पुढे नव्या टोकालाही एक गाळलेली जागा आहे. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चित्रपट दाखवण्याची सोय विंडोजमधून काढून घेतली. ड्राइव्ह दिसतो, फाइली दिसतात, चित्रपट चालत नाही, आणि दोष पुन्हा ड्राइव्हवर येतो. व्हीएलसी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं की सुटतं. लग्नाच्या व्हीसीडीतल्या ‘डॅट’ फाइलीही त्यात चालतात.

आता खळगे वाचणाऱ्या डोळ्याकडे वळू, कारण तिथली कारागिरी या सगळ्याहून वरचढ आहे. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर लागतो, डोळ्याला न दिसणारा. डीव्हीडीचे खळगे सीडीच्या खळग्यांच्या निम्म्याने लहान, म्हणून तिला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर. शिवाय सीडीचा माहितीचा थर चकतीच्या जवळजवळ पाठीवर, सव्वा मिलिमीटर प्लास्टिकच्या पलीकडे असतो. डीव्हीडीचा बरोबर मध्यावर, ०.६ मिलिमीटरवर. एकाच भिंगाने दोन्ही खोलींवर नेम धरायचा. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरच्या तारांत १५०० व्होल्टच्या डीसीऐवजी २५,००० व्होल्टचा एसी टप्प्याटप्प्याने आला आणि ठाण्यापासून मुंबईपर्यंतचा शेवटचा तुकडा २०१५ मध्ये बदलला, तोवर दोन्ही तारांखाली धावणाऱ्या लोकल आपण वापरल्या. सीमा आली की दिवे-पंखे क्षणभर बंद व्हायचे आणि गाडी दुसऱ्या प्रवाहावर पुढे जायची. डीव्हीडी ड्राइव्ह तसाच दोन प्रवाहांचा. चकती आत घेतल्यावर तो काही सेकंद घुटमळतो, आतून कुरकुर ऐकू येते, ते यासाठी: भिंग वरखाली करून परावर्तन कुठून येतंय ते तो चाचपतो आणि कुठला लेझर लावायचा ते ठरवतो.

अगदी सुरुवातीचे, १९९६-९७ मधले डीव्हीडी ड्राइव्ह घरी राइट केलेल्या सीडी वाचूच शकत नसत, आणि त्याचं कारणही या प्रकाशात आहे. छापील सीडीत खरेखुरे खळगे असतात. घरी राइट केलेल्या सीडीत खळगे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो, आणि ते द्रव्य ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशालाच नीट उत्तर देतं. लाल लेझरने पाहिलं तर चकतीवर काही लिहिलंय हे कळत नाही. म्हणून दुसरा लेझर बसवावा लागला. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीची तर चमकच छापील सीडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी; जुने सीडी ड्राइव्ह तिला नाकारतात आणि आजचा स्वस्तातला डीव्हीडी ड्राइव्ह सहज वाचतो. जुन्या चकत्यांसाठी नवा डोळा जास्त चांगला, हे अनेकांना पटत नाही.

कुठलीही चकती पूर्ण सपाट नसते. फिरताना तिचा काठ अर्धा मिलिमीटर वरखाली झाला तरी मानकाला चालतं. लेझरचा नेम मात्र एखाद्या मायक्रॉनच्या आत राहायला हवा. मधलं भोक जरासं सरकलेलं असतं, त्यामुळे ओळही डावीउजवीकडे डोलते, आणि तो डोल चाळीसेक फेऱ्यांच्या रुंदीएवढा असू शकतो. भिंग म्हणून घट्ट बसवलेलं नसतं. बारीक तारांवर तरंगतं, शेजारी चिमुकल्या गुंडाळ्या आणि चुंबक. परतलेला प्रकाश चार भागांच्या एका संवेदकावर पडतो. नेम बरोबर असेल तर तिथे गोल ठिपका दिसतो. चकती जवळ आली तर तो एका तिरक्या दिशेला लांबट होतो, लांब गेली तर दुसऱ्या. चारही भागांवर किती प्रकाश पडला त्याची बेरीज-वजाबाकी सतत चालते आणि त्या उत्तरावर भिंग हलतं. चकतीच्या प्रत्येक फेरीत, आणि फेऱ्या मिनिटाला हजारोंनी.

तरीही चरे असतातच, आणि तिथे गणित धावून येतं. आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये पाच पानांचा एक निबंध छापला. माहितीसोबत काही जादा अंक अशा युक्तीने जोडायचे की मधला मजकूर गेला तरी उरलेल्यातून तो परत काढता यावा. फिलिप्स आणि सोनीने १९८० मध्ये सीडीचं मानक ठरवताना ती युक्ती घेतली आणि भर घातली: शेजारचे बाइट चकतीवर शेजारी ठेवायचे नाहीत, दूर दूर विखरायचे. त्यामुळे अडीच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा संपूर्ण भरून निघतो. फाइलींच्या सीडीवर याच्याही वर दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. व्हीसीडीच्या चित्रपटात तो वरचा थर मुद्दाम सोडून दिलाय, जास्त मिनिटं मावावीत म्हणून. एखादा ठिपका बिघडला तर काय मोठंसं, असा विचार. म्हणूनच सारख्याच घासलेल्या दोन चकत्यांत कागदपत्रांची वाचते आणि लग्नाची अर्ध्यावर अडकते. ओरखडा खालून दिसतो तो तरी प्लास्टिकवर असतो. सीडीची खरी नाजूक बाजू वरची, जिथे फोटोग्राफर बॉलपेनने वधूवरांची नावं लिहितो: तिथे चमकदार थरावर लाखेचा पातळ लेप आहे, बाकी काही नाही.

घ्यायचा कुठला, तर घरात सीपीयू टेबलाखाली असेल तर मी बाहेरचा ड्राइव्ह घेऊच नका म्हणेन. भंगारात निघालेल्या दुसऱ्या सीपीयूतला मोठा ड्राइव्ह काढून बसवावा, फक्त मागे आयडीईची रुंद पट्टी लागते की सॅटाची बारीक, ते पाहून. त्याची मोटर एसएमपीएसच्या, म्हणजे सीपीयूतल्या वीजपुरवठ्याच्या, १२ व्होल्टवर चालते, विजेचं रडगाणं नाही. शिवाय जुनं बायोस यूएसबीवरच्या ड्राइव्हवरून संगणक सुरू करायला अनेकदा नकार देतं, आतल्या ड्राइव्हवरून देत नाही. विंडोज टाकायची वेळ आली की हा फरक कळतो.

लॅपटॉप असेल तर गोष्ट निराळी. गेल्या काही वर्षांत जुन्या लॅपटॉपला वेग यावा म्हणून लोकांनी आतला डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्याच्या खोबणीत कॅडी नावाची चौकट घालून दुसरी डिस्क बसवली. काढलेले ड्राइव्ह रिपेअरिंगवाल्याच्या खणात पडून असतात. ते घालायला यूएसबीचं केसिंग मिळतं, आणि बाजारात नवे म्हणून मिळणारे बरेच स्वस्त ड्राइव्ह आतून नेमके तेच असतात: लॅपटॉपचा ड्राइव्ह आणि सॅटाचं यूएसबीत रूपांतर करणारी एक चिप. जाडी मोजून न्यावी, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जातींची खोकी वेगळी. स्टेशनाजवळच्या दुकानात नाहीच मिळालं तर फास्ट पकडून दादर, तिथून पश्चिमेच्या स्लो लोकलने ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवर दुकानातच जोडून, एखादी घासलेली सीडी घालून बघावं. ती सीडी घरून न्यावी. दुकानातली कोरी चमकणारी सीडी कुठलाही ड्राइव्ह वाचतो.

एका देखण्या ड्राइव्हपासून जपून. ॲपलने २००८ मध्ये मॅकबुक एअरसोबत आणलेला सुपरड्राइव्ह हा ज्या मॅकमध्ये आतला ड्राइव्ह नाही त्यांच्यासाठीच होता. इतर संगणकाला जोडला तर तो नाव सांगतो, पण एक खास आज्ञा मिळेपर्यंत चकती आत घेत नाही. आणि ज्या जुन्या मॅकचा आतला ड्राइव्ह बिघडलाय, म्हणजे ज्याला खरी गरज आहे, त्यालाही तो मुळात दाद देत नसे. भाषा सगळ्यांची एक असताना मुद्दाम मौन धरलेलं हे उदाहरण.

शेवटचा अडसर प्रदेशाचा. चित्रपट कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जग वाटून घेतलं. अमेरिका एक, भारत पाच. अमेरिकेतल्या मावशीने आणलेला चित्रपट इथे ‘प्रदेश जुळत नाही’ म्हणतो तो यामुळे. २००० पासूनचे ड्राइव्ह हा आकडा स्वतःच्या पोटात साठवतात आणि तो फक्त पाच वेळा बदलू देतात. पाचव्यांदा निवडाल तो कायमचा. संगणक फॉरमॅट मारला, बदलला, तरी ड्राइव्हची ही मोजणी पुसली जात नाही. जुना ड्राइव्ह घेताना म्हणून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर दोनदा क्लिक करून प्रदेशाचा टॅब उघडावा. किती बदल शिल्लक आहेत तो आकडा तिथे लिहिलेला असतो. शून्य असेल आणि प्रदेश भलताच असेल तर चेहरा पाडून तो दुकानदाराला दाखवावा आणि भाव उतरवून घ्यावा. लग्नाच्या, एमआरआयच्या आणि गाण्यांच्या चकत्यांना प्रदेश नसतोच.